ढिगातली पिल्लं आणि तुझा नेम

गज्या,

यंदाही कुत्री दगडांच्या ढिगातच व्याली. ती नाही, ती तर तेव्हाच मेली. ही दुसरी. काळी, एक कान फाटका, दात मात्र सगळे शाबूत. दातांचं मला कसं माहीत ते शेवटी सांगतो, आत्तापासून हसू नकोस.

सुमनताईचा, तुझ्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी सौंसरला दुकानात होतो, एका बाईंसमोर लुगड्याचा पदर उलगडून. तुझी तेरवी होऊन फार दिवस झाले नव्हते. ताई म्हणाली, "भाऊजी, घरामांगं गोटमारीचे दगडं पडून राहिले. त्या दगडाईत कुत्रीची पिल्लं हायेत. आता कोन काढन?"

या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं एकच होतं, आणि ते उत्तर आम्ही सगळे मिळून नुकतंच जाळून आलो होतो.

पदर हातात तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "भाऊ, दाखवून राहिले का सोताच पाहून राहिले?"

गज्या, तुझ्या मरण्यावर माझा पहिला आक्षेप असा, की ते तुला शोभलं नाही. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात उभं राहून तू अंगावर गोटे घेतलेस. टाळू, भुवई, खांदा, नडगी, फुटायचं काही बाकी ठेवलं नाहीस. आणि गेलास कसा? वांग्याची भाजी खाऊन उठताना, छातीला हात लावून, हात धुवायच्याही आत. तुझ्यासारख्याला यमानं निदान दोन-तीन जण घेऊन यायला पाहिजे होतं. एकट्यानं, मागून येऊन, जेवत्या माणसाला! हे सावरगाववाल्यांनीसुद्धा केलं नसतं.

बाहेरगावचा एखादा एजंट दुकानात आला की मी त्याला तुमची गोटमार समजावून सांगतो. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडी बांधतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. झेंडी काढायला जो येईल त्याला दुसऱ्या काठानं दगडांनी फोडायचं. एजंट विचारतो, "भांडण कशाचं आहे?" मी म्हणतो, "भांडण नाही, सण आहे." त्यावर तो चहा अर्धा ठेवून उठतो.

पहिली कुत्री मेली त्या वर्षी मी तुझ्या नदीकाठच्या गच्चीवर होतो. गल्लीचा जवाई म्हणून मला खुर्ची मिळाली होती आणि ताटलीभर चिवडा. खाली माणसं माणसांना फोडत होती आणि मी शेंगदाणे वेचून खात होतो. गोट्याचा आवाज पाण्यात वेगळा, पत्र्यावर वेगळा. डोक्यावरचा सगळ्यात बारीक. ओलं मडकं दुसऱ्या खोलीत फुटावं तसा. ढोल वाजत होते, काठावरून "भगाओ, भगाओ"ची आरोळी उठत होती, डोक्याला पंचा गुंडाळून तू अगदी पुढे होतास आणि तुझ्या मागं, घरालगत, तो गोट्यांचा ढीग.

ढिगाच्या पोटात त्या पांढऱ्या कुत्रीची पिल्लं होती, दीडेक महिन्याची. पोट्टे गोटे उपसत होते तसतशी पिल्लं उघडी पडत होती. तिनं आधी एकाची पोटरी धरली. त्यानं लाथ घातली. तिनं दुसऱ्याचा हात धरला. मग ती सुटली ती थेट पात्रात, पल्याडच्या काठाकडं तोंड करून, भुंकत. तिला वाटलं असेल, एवढी सगळी माणसं माझ्याच लेकरांना मारायला उठली आहेत. दोन्ही काठांच्या मधे ती एकटी उभी राहिली. एक गोटा तिच्या कानामागं बसला. ती एकदा स्वतःभोवती फिरली आणि पाण्यात पडली. पाणी त्या दिवशी आधीच तांबडं होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

तुझ्या आलं. तू हातातला गोटा टाकलास आणि सावरगावाकडं पाठ केलीस. गज्यानं पाठ केली हे पाहून आपल्या काठावरचे लोक तुलाच शिव्या द्यायला लागले. तू वाकलास, पिल्लं शर्टात कोंबलीस, आणि वाकलेल्या डोक्यावर मागून तो एक बसला. ते मडकं मी ऐकलं.

तू जिना चढून वर आलास. रक्त डोळ्यांत, रक्त मिशीत, आणि शर्टातून चार तोंडं बाहेर, तीही तुझ्याच रक्तानं माखलेली. तू म्हणालास, "शेठ, धर."

मी धरलं नाही. मी पडलो. डोकं तुझं फुटलं आणि पाणी शिंपडलं गेलं माझ्या तोंडावर. लता, माझी बायको, तुझी साळी, तिच्या बहिणीला म्हणाली, "ह्या मानसाले सौंसरहून आनलं कायले व माय?" शुद्धीवर आलो तेव्हा तू टाळूला चंडीमातेची भभूत दाबून बसला होतास आणि उरलेली चिमूट पिल्लांच्या कपाळाला लावत होतास.

मला तोंड उघडायची घाई. म्हणालो, "गज्या, कुत्रीले लागला तो गोटा तुहाच होता."

"अबे, पल्याडचा होता. माहा नेम चुकत नाही."

"मी वरून पाहून राहिलो होतो."

"तू चिवडा पाहून राहिला होता."

असा आपला वाद सुरू झाला. सख्ख्या बहिणींचे नवरे एकमेकांशी शेतावरून भांडतात, सोन्यावरून भांडतात. आपण साडभाऊ भांडलो एका दगडावरून. लग्नाकार्यात, बारशाला, आपल्या सासऱ्याच्या दहाव्याला पिंडापाशी उभं राहूनसुद्धा.

पिल्लं माझ्याकडं आली कारण तुझ्या गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांनी ती बिनआईची पोरं फाडली असती. तू संत्र्याच्या मंडीतला माणूस. एका कॅरेटमध्ये तणीस अंथरलंस, त्यावर ती चौघं, आणि माझ्या स्कूटरला कॅरेट असं करकचून बांधलंस की सौंसरला पोचल्यावर दोरी कापावी लागली. शेपटीचं टोक पांढरं असलेल्या पिल्लाला तू नाव ठेवलंस, झेंडी. बाकीच्यांची नावं ठेवायला सवड मिळाली नाही.

आठवडाभर घरात हैदोस होता. मग बदामी पिल्लू कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं. दूध नको, पोळी नको. मी म्हणालो, जंत. मग पिवळा फेस ओकलं. मी म्हणालो, नजर. मग मागून रक्त आलं. पाण्यासारखं पातळ, आणि त्याचा तो वास! गंजलेल्या लोखंडावर काहीतरी गोड सडावं तसा. एकदा घेतला की माणूस मरेपर्यंत ओळखतो. तेव्हा मी म्हणालो, जामसांवलीचा मारुती.

मारुतीरायाचा यात काही दोष नाही. मी गेलो, नारळ फोडला, तीर्थ आणलं, आणि घरी येऊन चमच्यानं पाजत बसलो. ज्याच्या आतड्याची साल निघून येत होती त्याच्या घशात मी चमचा घालत होतो. प्रत्येक चमच्याला ते पाठीची कमान करून रक्त ओकायचं, आणि मी म्हणायचो, पडतंय, विष बाहेर पडतंय! पुन्हा चमचा. मारुती तरी काय करेल? त्यानं माझ्या थोबाडीत मारायला तुला पाठवलं.

डोक्याचे टाके तसेच, वर टोपी. तू दारात उभा राहून तो वास घेतलास, पिल्लू पाहिलंस, माझ्या हातातला चमचा पाहिलास. आणि वाजवलीस. चष्मा उडून साड्यांच्या थप्पीत गेला. मी आंधळ्यासारखा चाचपडत असताना तू कॅरेट उचलून रस्त्यावर गेला होतास. मागून मी धावलो, एका पायात चप्पल.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वासावरूनच ओळखलं. पार्वो, म्हणाल्या, पिल्लांची आतडी सोलणारा रोग. मग विचारलं, "लस दिली होती?"

मी म्हणालो, "मॅडम, भभूत लावली होती."

तू माझ्याकडं पाहिलंस. दुसरी थोबाडीत शिल्लक आहे हे मला कळलं.

बाईंनी बजावलं: उलटी थांबेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. जे जाईल ते शिरेतून, सलाईननं. अंग गरम ठेवा. दुसऱ्या पिल्लांजवळ जाऊ नका, हा रोग तुमच्या चपलेवर बसून गावभर फिरतो. आम्ही मान डोलावली. मी दोन्ही चपला काढल्या. एक होती, ती काढली.

पुढचे दिवस माझ्या दुकानामागची खोली म्हणजे गोटमारच होती. साड्या टांगायच्या दांडीला सलाईनच्या बाटल्या लटकवलेल्या. खाली तू मांडी घालून, एकेका पिल्लाचा काडीएवढा पाय तुझ्या त्या दगडं मारायच्या पंजात धरून. ते पाय झाडायचं, सुई निघायची, रक्त उडायचं, बाई पुन्हा शीर शोधायच्या. तू रोगाला शिव्या घालायचास, मोठ्यानं, आईबहिणीवरून. समोरचा मिठाईवाला कानात बोटं घालून बसायचा. तू म्हणालास, "शेठ, हे तं सावरगावापेक्षा बेकार हाये बे. तठून गोटा येते तं दिसते तरी. याले मारू कुठी?"

बदामी भर दुपारी गेलं, एक झटका देऊन. काळं त्याच संध्याकाळी. तिसरं माझ्या मांडीवर होतं. मी त्याला तुझ्या लग्नातला किस्सा सांगत होतो, तो घोडीवरून पडल्याचा. किस्सा संपायच्या आत ते संपलं, आणि मी तरी पुढं सांगत राहिलो, थांबलो तर कळेल म्हणून. तू माझ्या हातातून ते काढून घेतलंस. खड्डे तू खणलेस. खणलेस कसले, कुदळीनं जमिनीला मारलंस. चुना टाकलास, माती लोटलीस, वर उभा राहून मातीला लाथा घातल्यास. मी म्हणालो, "हळू गज्या." तू म्हणालास, "चूप."

उरली झेंडी. तिच्याही डोळ्यांत काही दिसत नव्हतं. हिरड्या कागदासारख्या. मी मनातल्या मनात चौथा खड्डा धरूनच बसलो होतो. सकाळी तू सुईची पट्टी बदलायला गेलास आणि तिनं तुझं बोट फोडलं. कचकन. तू उठून नाचायला लागलास. "चावली! शेठ, चावली बे! लता, पाह्य, चावली!" बोटातून रक्त ठिबकतंय, मिठाईवाला धावत आला आहे कोणाचा खून झाला म्हणून, आणि तू त्याला ते बोट दाखवतो आहेस, मुलगा झाल्याचा पेढा दाखवावा तसं.

मग ती तिची नखाएवढी जेवणं. मऊ भाताची पेज, उकडलेल्या कोंबडीचं पाणी, तेही चमचाभर, थांबून थांबून. मी आनंदानं एकदम वाटीभर घालायला गेलो तेव्हा तू वाटी हिसकावलीस. "मारतं काय आता तिले, वाचल्यावर?" बाईंनी आणखी सांगितलं होतं की फिनाईलनं हा जंतू मरत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. ते मी मन लावून केलं. इतकं मन लावून की हात न पुसताच दुकानात गेलो आणि निळ्या साडीच्या घडीवर हात ठेवला. पाचही बोटं पांढरी उमटली. ती साडी एका बाईंनी नवीन डिझाईन म्हणून नेली आणि पुढच्या आठवड्यात तिची बहीण तशीच मागायला आली. या गोष्टीवर तू हसलास. डोकं फुटल्यापासून पहिल्यांदा.

तिथंच थांबलो असतो तर मी कसला मी! झेंडी एकटी रडते म्हणून मला दया आली. बाईंनी बजावलं होतं की अंगणातल्या मातीत हा जंतू महिनोन्महिने राहतो, वर्षभर दुसरं पिल्लू आणू नका, आणायचंच तर लसी पूर्ण झालेलं आणा. पण मधे दिवाळी आली, भिंतींना चुना मारून झाला, अंगण शेणानं सारवलं. मला वाटलं, एवढ्या सारवणाखाली यमसुद्धा गुदमरला असेल. रामाकोन्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मी गुबगुबीत पिल्लू आणलं, तुला चकित करायला.

तू आलास तेव्हा ते त्याच कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं होतं. तोच वास. सलाईन लावायलाही वेळ मिळाला नाही.

रस्त्याकडेला बांधकामाची गिट्टी पडली होती, त्यातला एक गोटा तू उचललास. मी दुकानाच्या पायरीवर उभा. गोटमारीत पुढ्यात उभं राहिल्यावर तुझा हात कसा दिसतो, ते गच्चीवरून कधी कळलं नव्हतं. खांदा मागं गेला, डोळे बारीक झाले. मी पळालो नाही. शूर म्हणून नाही, पायांना निरोप पोचला नाही. गोटा माझ्या कानाजवळून गेला, त्याचा वारा लागला, आणि मागं दुकानाची पाटी आरपार फुटली.

तू म्हणालास, "नेम चुकला. नाही तं आज तुहं डोस्कंच फोडलं असतं." आणि झेंडीला बगलेत मारून पांढुर्ण्याला निघून गेलास. ती तुझीच झाली.

पुढं बोलायला लागलो आपण. बायका बहिणी असल्यावर करता काय? पण मला एक हत्यार मिळालं होतं. कुत्रीला लागलेला गोटा तुझा नाही, कारण तुझा नेम चुकत नाही. आणि मला मारलेला चुकला! मी म्हणायचो, "गज्या, दोन्ही कसं चालन? चुकत असन तं कुत्री तूच मारली. चुकत नसन तं मले तू मुद्दाम सोडलं. एक काही तरी बोल." तू चिडायचास. भाकरीचा तुकडा भिरकावायचास, तोही नेमका माझ्या वाटीत. "तुले अक्कल नाही," एवढंच तुझं उत्तर.

पण दरवर्षी पोळ्याआधी ढीग पडायला लागला की आधी तू ढिगात शिरायचास. "पयले पिल्लं, मंग गोटे." एक जण हसला, त्याचे दोन दात तू पाडलेस. दयेचं काम एवढ्या मारामारीनं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कॅरेटमध्ये भरून पिल्लं दवाखान्यात, पहिली लस, काही आठवड्यांनी पुढची, मग पुढची, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. एखाद्यानं घरी नेलं आणि लस चुकवली की तू त्याच्या दारात उभा. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच नदीत, त्याच पंच्यात, माणसांची डोकी फोडायला. मी म्हणायचो, "पिल्लं वाचवतं आन् मानसं मारतं?" तू म्हणायचास, "मानसाले पाठ दाखवता येते."

तर यंदा. मी गेलो. कॅरेट ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन, हात पुसून, दोन्ही चपला घालून. झेंडी आता म्हातारी झाली आहे, तुझ्या उंबऱ्यावर पडून होती. शेपूट एकदा हलवलं, उठली नाही. मागं ट्रॉली लागली होती, दगड ओतायच्या बेतात. पोट्टे म्हणाले, "जवाईबापू, गोटमार उद्या हाये. आजपासूनच मराले आले काय?"

मी ओरडलो, "थांबा बे!" आवाज असा निघाला की ढिगातली पिल्लंसुद्धा हसली असतील. ट्रॉली वर उचलली जायला लागली. तुझ्यासारखे दात मी कोणाचे पाडणार? माझा पाय गोट्यावरून घसरला आणि मी खाली बसलो. ढिगावरच. एवढा जाडा कापड-दुकानदार मधोमध बसल्यावर दगड ओतणार कुठं? ट्रॉली थांबली. गल्लीत मी शूर ठरणार, इतक्यात ती काळी ढिगामागून आली आणि तिनं मला धरलं. कुठं ते सांगत नाही. बसलो होतो, एवढं पुरे.

गज्या, मी उभा राहून नाचलो. आणि तोंडातून काय निघालं असेल? "चावली! चावली बे!" सुमनताई मागच्या दारात आली. तेरवीपासून पहिल्यांदा ती हसली, आणि हसता हसता तिथंच पदर तोंडात घालून खाली बसली. पोट्टे एवढे हसले की त्यांच्या हातातलं कामच सुटलं. मग त्यांनीच गोटे बाजूला केले आणि पिल्लं काढून दिली. सगळी. आई मागोमाग आली, माझ्याकडं दात दाखवत.

दवाखान्यात पिल्लांना सुया टोचल्या, माणसांच्या दवाखान्यात मला. तिथल्या बाईंनी विचारलं, "कुत्री पाळीव आहे का?" मी म्हणालो, "साडभाऊची आहे."

गोटमार झाली. गच्चीवर होतो, चिवडा नव्हता, आणि बसता येत नव्हतं म्हणून उभाच होतो. तू उभा राहायचास तिथं दुसरा कोणी होता. बराच वेळ पाहत राहिलो. त्याचे गोटे कुठंही जात होते.

म्हणून आज निकाल देतो. पहिला वाद तू जिंकलास. तो गोटा पल्याडचा होता, तुझा नेम कधी चुकलाच नाही. मात्र त्यामुळे दुसरा, पाटीवरच्या गोट्याचा, वाद तू हरलास, गज्या, आणि हे तुला माहीत होतं, म्हणूनच चिडायचास.

पाटीचं भोक मी बुजवलेलं नाही. काल एका गिऱ्हाईकानं विचारलं, "शेठ, हे काय झालं?"

म्हणालो, "साडभाऊनं गोटा मारला होता. मले."

"मंग चुकला वाटते."

मी म्हणालो, "नाही. बरोबर लागला."